फूल स्वतःलाच नकार कसं देतं, आणि तो नकार ओळखायचा कसा

पुरंदरच्या बाजूला आमच्या दाजींची सीताफळाची बाग आहे. एका जुलैत त्यांचा फोन आला. "फुलांनी झाडं लगडलीत, पण सेटिंग काही नाही. रोज सकाळी झाडाखाली फुलांचा सडा." तोवर त्यांनी दुकानातून आणलेल्या कुठल्याशा टॉनिकच्या दोन फवारण्या उरकल्या होत्या. वर एक कीटकनाशकही मारलं होतं, 'कशाला विषाची परीक्षा' म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळे घरात असलं काही निघालं की भिंग घेऊन मलाच बोलावतात.

सकाळी सहाला आम्ही एका झाडाखाली उभे राहिलो. अर्धवट मिटलेलं एक हिरवट फूल मी हलकेच उघडून दाखवलं. मधला शंकू ओलसर चमकत होता, भोवतीचे पुंकेसर, म्हणजे पराग देणारे नर भाग, मात्र अजून घट्ट बसलेले. म्हटलं, "हे फूल आत्ता मादी आहे. नंतर हेच नर होणार."

"म्हणजे नवरा-बायको एकाच घरात आणि भेट नाही?"

"नाही. एक कामावरून परत येईतो दुसरं निघून गेलेलं असतं."

दाजी हसले, आणि मग त्यांना वाया गेलेल्या टॉनिकचे पैसे आठवले.

फळ धरलं नाही की आपण रोग शोधतो, खत शोधतो, दृष्टसुद्धा काढतो. पण पुष्कळदा फुलाला काहीही झालेलं नसतं. ते फक्त स्वतःचे पराग घ्यायला नकार देत असतं. हा नकार तीन तऱ्हांचा असतो: जागेचा, वेळेचा आणि नात्याचा. कुठल्या तऱ्हेचा आहे ते कळलं की उपाय बहुतेक वेळा ब्रशाने किंवा शेजारी लावलेल्या एका रोपाने होतो. ते कसं ओळखायचं, याची ही रीत.

आधी सामान

दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, बारीक चिमटा, चित्रकलेचा दोन किंवा तीन नंबरचा मऊ ब्रश, दोन-तीन रंगांचा लोकरीचा दोरा, वही. शिवाय मलमलीच्या किंवा बटरपेपरच्या छोट्या पिशव्या. प्लास्टिकची पिशवी वापरू नका. आत घाम धरतो, फूल कुजतं आणि आपण दोष परागांना देतो.

आणि सवड काढून पहाटे उठायची तयारी हवी. फुलांचा बराचसा कारभार आपण चहा घेईपर्यंत आटोपलेला असतो.

पहिली पायरी: जागा बघा

सुरुवात जास्वंदीपासून करा. पाच पाकळ्यांची, गावठी, लाल. झुपकेदार जास्वंद नको, तिच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फुलाच्या मधून बाहेर आलेली जी लांब नळी आहे, तिच्या अंगावर पिवळे परागकोश बसलेले दिसतील. पण नळी तिथे संपत नाही. टोकाला पाच फाटे फुटतात आणि प्रत्येकावर मखमली लाल ठिपका असतो. त्या पाच कुक्षी, म्हणजे पराग घेणारी मादी टोकं. पराग खाली, कुक्षी पुढे, आणि मधे मोकळी जागा. मध प्यायला आलेल्या शिंजिराच्या अंगाला आधी कुक्षी लागते आणि मग पराग. म्हणजे मागच्या फुलाकडून आणलेलं आधी पोचतं, या फुलाचं नंतर चिकटतं.

पावसाळ्यात सह्याद्रीत गेलात तर कुंपणावर चढलेली कळलावी बघा. पाकळ्या मागे उलटलेल्या, सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले, आणि कुक्षीवृंत, म्हणजे कुक्षी पेलणारा दांडा? तो बुडापाशीच काटकोनात वळून फुलाबाहेर एका अंगाला गेलेला. एखाद्याने मुद्दाम तोंड फिरवून बसावं तसा. वेल विषारी आहे. नुसती बघा, पोरांच्या हाती देऊ नका.

जागेच्या नकाराचा सगळ्यात कारागिरीचा नमुना मात्र फुकट मिळतो, रस्त्याकडेच्या रुईवर. रुईच्या फुलात मधोमध पाच कोनांचा मुकुट असतो, आणि दर दोन कोनांच्या मधे एक बारीक उभी चीर. शिवणाची सुई त्या चिरेत खालून वर हलकेच सरकवा. वरच्या टोकाला एक काळसर बारीक चिमटी सुईला अडकते. ओढलीत की तिच्यासोबत पिवळ्या पंखांसारख्या दोन पराग-पिशव्या बाहेर येतात. इथे पराग भुकटीच्या रूपात नाहीतच, गाठोडं बांधून ठेवलेले आहेत. भुंग्याचा पाय चिरेत अडकतो, तो हिसका देतो आणि गाठोडं घेऊन उडतो. दुसऱ्या फुलाच्या चिरेत तेच गाठोडं बसलं तर बी. वाऱ्याने किंवा नुसत्या हलण्याने या फुलात काहीच घडत नाही. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, डोळ्याला खरी इजा होते. हात धुऊनच बाकीचं काम करा.

जागेचा नकार आहे हे वहीत लिहायचं ते एवढ्यावरून: परागकोश आणि कुक्षी एकाच फुलात आहेत, पण फूल हलवलं, टिचकी मारली, तरी एकमेकांना लागत नाहीत.

दुसरी पायरी: दोघं एका फुलात आहेत का?

काही झाडांनी प्रश्नच मिटवला आहे. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं.

भोपळा, काकडी, दोडका, कारलं यांच्या एकाच वेलावर दोन्ही येतात. मादी फुलाच्या देठाशी आधीपासूनच इवलंसं फळ असतं, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीला बहुतेक वेलांवर नर फुलंच येतात. "पंधरा दिवस झाले, नुसती फुलं गळताहेत" ही जी तक्रार असते, ती अशा वेळी तक्रार नसतेच. थांबा, मादी फुलं मागून येतात.

मादी आली आणि तरी ते इवलं फळ पिवळं पडून गळालं, तर ब्रश घ्या. पण वेळ चुकवू नका. लाल भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका संध्याकाळी. गच्चीवर दुधी लावून सकाळी नऊ वाजता ब्रश फिरवणाऱ्यांना यश येत नाही ते यामुळे. आदल्या संध्याकाळी उमललेलं पांढरं फूल तोवर माना टाकून बसलेलं असतं. खरं तर ब्रशही लागत नाही. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि उरलेला पिवळा दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर दोन-तीनदा अलगद घासा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं.

कर्टुलीत मामला आणखी कडक आहे. नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. रानातून एकच कंद आणून कुंपणाला लावलात तर दहा वर्षंही फळ दिसायचं नाही, मग वेल कितीही जोमदार असो. ओळख सोपी आहे. मादी फुलाखाली मऊ काट्यांचं चिमुकलं कर्टुलं असतं. नर फुलाच्या देठावर टोपडं घातल्यासारखं एक हिरवं पान असतं. लागवड करणारे साधारण दहा मादीमागे एक नर वेल ठेवतात. फूल संध्याकाळी उमलतं, त्यामुळे हाताने परागण करायचं तर पहाटे, ऊन चढायच्या आत.

पपईचंही असंच. लांब लोंबत्या देठांवर फुलांचे झुपके आले तर नर, खोडाला चिकटून एकटं-दुकटं जाड फूल आलं तर मादी. नर-मादी वेगळं असणाऱ्या जातीची बाग असेल तर सगळे नर उपटून टाकू नका, दहा-पंधरा मादी झाडांमागे एक असू द्या. बाजारात जास्त दिसणाऱ्या काही संकरित जातींत मात्र नर झाड नसतंच. काही झाडं मादी, गोलसर फळांची, आणि काही दोन्ही अंगं असलेल्या फुलांची, लांबट फळांची. त्यांना वेगळ्या नराची गरज पडत नाही.

इथे एक फरक मनात पक्का करून ठेवा, पुढे तो फार उपयोगी पडतो. भोपळ्याच्या वेलाने एका फुलातलं स्वपरागण टाळलं. पण त्याच वेलावरच्या दुसऱ्या फुलाचे पराग त्याला चालतात, आणि आनुवंशिकतेच्या हिशेबात ते स्वतःचेच. कर्टुलीने ती वाटही बंद केली. म्हणजे नकार आहे एवढं कळून भागत नाही, तो किती कडक आहे हेही बघावं लागतं.

तिसरी पायरी: घड्याळ लावा

वेळेचा नकार डोळ्यांना एका बैठकीत दिसत नाही. एकाच फुलाला दोरा बांधून त्याच्याकडे दोन-तीन दिवस, दिवसातून चारदा जावं लागतं.

सूर्यफुलाच्या ताटलीत कडेची बारीक फुलं आधी उमलतात, मधली शेवटी. भिंगातून एकच बारीक फूल धरून ठेवा. पहिल्या दिवशी परागकोशांच्या नळीतून पिवळी भुकटी वर ढकलली जाते. ढकलणारा असतो खालून वाढणारा कुक्षीवृंत, पण त्याच्या टोकाची कुक्षी अजून मिटलेली. दुसऱ्या दिवशी ती दुभंगते, बाहेर वळते आणि घ्यायला तयार होते. आधी नर, मग मादी. कांद्याच्या गोंड्यातही हाच क्रम.

बाजरीत उलटं. कणीस बाहेर पडलं की आधी पांढऱ्या पिसांसारख्या कुक्षी निघतात. परागकोश दोन-तीन दिवसांनी. तोवर शेजारच्या ताटांचा पराग वाऱ्याने येऊन पोचलेला असतो. या सवयीची किंमतही बाजरी मोजते. फुलोऱ्यात झड लागली, पराग वेळेवर आला नाही, तर उघड्या राहिलेल्या कुक्षींवाटे अरगट ही बुरशी शिरते आणि कणसावर चिकट मधासारखे थेंब दिसतात. पराग मिळालेली कुक्षी लवकर सुकते, बुरशीला दार बंद होतं. रोगाचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो फुलाच्या वेळापत्रकातून आत येतो हे फारसं कुणी सांगत नाही.

आता सीताफळ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

सीताफळाच्या फुलाला बाहेरून तीन जाड, लांबट पाकळ्या असतात. आत मध्यभागी स्त्रीकेसरांचा पांढरट शंकू आणि त्याभोवती दाटीवाटीने बसलेले पुंकेसर. पाकळ्यांची टोकं जेमतेम विलग झालेली असतात तेव्हा फूल मादी. शंकू चिकट, ओला, भिंगात चमकणारा. नंतर पाकळ्या सताड उघडतात, पुंकेसर सैल होऊन गळू लागतात, पराग सुटतो, आणि तोवर शंकू कोरडा, तपकिरी झालेला. पिकल्या फळासारख्या वासाने अगदी बारीक तपकिरी भुंगेरे अर्धवट मिटलेल्या फुलात शिरतात. तेच नर फुलातून मादी फुलात पराग नेतात. दाजींनी 'कशाला विषाची परीक्षा' म्हणून जे मारलं होतं, ते नेमकं यांच्यावर.

शंकूतला प्रत्येक स्त्रीकेसर म्हणजे पुढे फळावरचा एक डोळा. ज्याला पराग मिळाला त्याचा डोळा फुगतो, ज्याला नाही तो बसका राहतो. एका अंगाने वाकडं झालेलं सीताफळ पाहिलंत तर समजा, त्या बाजूला पराग पोचला नव्हता.

हाताने परागण असं करा.

संध्याकाळी पाचच्या सुमारास अशी फुलं गोळा करा, ज्यांच्या पाकळ्या आता पुऱ्या उघडायच्या बेतात आहेत. कागद अंथरलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यात एकाच थरात पसरा. घरात ठेवा, पंख्याखाली नको. सकाळी पुंकेसर सैल झालेले असतात. फुलं काळ्या कागदावर झटका आणि चहाच्या गाळणीतून चाळा. खाली फिकट भुकटी उरेल, तो पराग. जात आणि हवामानानुसार वेळ थोडी पुढे-मागे होते, तेव्हा पहिले दोन दिवस नुसतं बघण्यात घालवा. ऊन चढलं की पराग लवकर निकामी होतो, म्हणून उद्यासाठी ठेवू नका.

सकाळी सहा ते साडेआठ हे कामाचे तास. फांदीच्या शेंड्याकडची फुलं सोडा, तिथे फळाचं वजन पेलत नाही. जाड फांदीवरची, जेमतेम विलग झालेली फुलं निवडा. डाव्या हाताच्या दोन बोटांत फूल धरा, एक पाकळी अंगठ्याने किंचित बाहेर करा. मोडू नका. परागात बुडवलेला ब्रश शंकूभोवती दोन-तीनदा पूर्ण फिरवा, अगदी बुडापासून टोकापर्यंत. सगळे इथेच घाई करतात, समोरून एकदा टेकवतात आणि पुढे जातात. मग फळ वाकडं. फुलाला दोरा बांधा, तारखेप्रमाणे रंग बदला.

आठवड्याभरात कळतं. न धरलेली फुलं गळून जातात, धरलेल्यांचा हिरवा मणी देठावर टिकतो. दाजींनी पहिल्या सकाळी दोन झाडांवर मिळून चाळीसेक फुलांना लाल दोरा बांधला. त्यातली निम्म्याहून बरीच जास्त टिकली. शेजारची, न शिवलेली फुलं नेहमीप्रमाणे सड्यात गेली.

पराग कुठल्या झाडाचा घ्यायचा? सीताफळाला त्याच झाडाचा चालतो. त्याचा नकार वेळेचा आहे, नात्याचा नाही. कोरड्या उन्हात कुक्षी लवकर सुकते. पावसाळी बहाराची फुलं जास्त धरतात त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा उन्हाळी बहार धरला असेल तर बागेत आच्छादन ठेवा, वाऱ्याच्या बाजूला आडोसा करा, आणि फुलोऱ्यात कीटकनाशकाचा पंप कोपऱ्यात ठेवून द्या.

चौथी पायरी: नातं तपासा

हा नकार सगळ्यात अदृश्य. जागा जुळते, वेळ जुळते, पराग कुक्षीवर पडतोसुद्धा, आणि तरी बी धरत नाही.

याचा प्रयोग मुळ्यावर करा, खर्च दहा रुपये. एका मोठ्या कुंडीत एकच मुळा ठेवा आणि फुलावर येऊ द्या. चार पाकळ्यांची पांढरी-जांभळट फुलं भरपूर येतील, मधमाश्याही येतील. पण आसपास दुसरा मुळा फुलावर नसेल तर भाजीपुरत्या डिंगऱ्यासुद्धा, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, मिळणार नाहीत. येतील त्या सुकड्या, पोकळ. आता शेजारी दुसरं रोप आणून ठेवा. डिंगऱ्या भरतात.

कारण असं. मुळा, मोहरी, कोबी या कुळात परागकणाच्या अंगावर त्याच्या जन्मदात्या झाडाची ओळख सांगणारं प्रथिन असतं आणि कुक्षीवर ते ओळखणारा पहारेकरी. खूण जुळली की कुक्षी पराग रुजूच देत नाही. आपल्याकडे लग्न जमवताना गोत्र विचारतात ना, तसंच. गोत्र एक निघालं की बोलणी तिथेच थांबतात, मग मुलगा कितीही चांगला असो. तंबाखू आणि पिटुनियाच्या कुळात हीच चौकशी जरा उशिरा होते. पराग रुजतो, त्याची नळी कुक्षीवृंतातून खाली निघते आणि वाटेत अडवली जाते.

मुळ्याच्या बाबतीत एक गंमत करून बघता येते. उद्या-परवा उमलेल अशी कळी चिमट्याने उघडा, सहाही पुंकेसर काढून टाका आणि त्याच रोपाच्या उमललेल्या फुलाचा पराग त्या कच्च्या कुक्षीला लावा. वर पिशवी बांधा. या कळीत बी धरण्याची शक्यता बरीच असते, कारण पहारेकरी अजून कामावर रुजू झालेला नसतो. कोबी-फ्लॉवरच्या बीजोत्पादनात शुद्ध वाण टिकवायला हीच युक्ती वर्षानुवर्षं वापरली गेली आहे.

आता याचा व्यवहारातला अर्थ. कलम म्हणजे नवं झाड नव्हे. एका मातृवृक्षाच्या डोळ्यांपासून बांधलेली दोनशे कलमं म्हणजे आनुवंशिकतेने एकच झाड, दोनशे ठिकाणी उभं. नात्याचा नकार असलेल्या फळझाडाची एकाच जातीची सलग बाग लावली, तर सगळ्या बागेचं गोत्र एक. आंब्यातल्या दशेरी, लंगडा या जाती स्वतःचा पराग नाकारतात. पपनसही बहुधा तसंच. आवळ्याची बाग लावताना दोन-तीन जाती मिसळून लावा असं सांगतात तेही यामुळे. ड्रॅगन फ्रूटच्या लाल गराच्या काही जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, आणि फूल तर एकाच रात्रीपुरतं उमलतं. म्हणून अशा बागांत बॅटरी आणि ब्रश घेऊन रात्री फिरणारी माणसं दिसतात.

नाशिक-इगतपुरीच्या माळावर दिवाळीच्या आसपास पिवळंधमक होणारं कारळं हेही स्वतःचा पराग न घेणारं पीक. त्याला मधमाशी ही चैन नाही, गरज आहे. शेताच्या कडेला कुणी मधाच्या पेट्या ठेवायला आला, तर त्याच्याकडून भाडं मागण्याआधी हे आठवा.

पाचवी पायरी: पिशवीची परीक्षा

वरच्या सगळ्या निरीक्षणावर शिक्कामोर्तब पिशवी करते. एकाच झाडाच्या, एकाच वयाच्या कळ्या निवडा आणि चार गट करा. प्रत्येकात दहा तरी हव्यात. पहिला गट मोकळा, नुसता दोरा. दुसऱ्यावर उमलण्याआधी पिशवी, पुढे हात लावायचा नाही. तिसऱ्यावर पिशवी, पण योग्य वेळी उघडून त्याच झाडाचा पराग लावायचा आणि पुन्हा बांधायची. चौथ्यावर तसंच, पण पराग दुसऱ्या जातीचा. पाकळ्या सुकल्या की सगळ्या पिशव्या काढा, नाहीतर आत मिलीबग घर करतो.

निकाल असा वाचा. दुसऱ्या गटातच फळं आली, तर झाड आपलं आपण निभावतं, चिंता सोडा. दुसऱ्यात नाही पण तिसऱ्यात आली, तर नकार जागेचा किंवा वेळेचा आहे, फक्त वाहक हवा. सीताफळ आणि भोपळा इथे बसतात. तिसऱ्यात नाही आणि चौथ्यात आली, तर नकार नात्याचा, आणि दुसरी जात लावल्याशिवाय सुटका नाही. चौथ्यात आली पण पहिल्या, मोकळ्या गटात नाही, तर बागेत कीटक येत नाहीत किंवा दुसरी जात फार लांब आहे. चौथ्यातही नाही आली, तर ब्रश खाली ठेवा. मग पाणी, बोरॉन, उष्णता, झाडाचं वय, अशा बाकीच्या गोष्टी तपासायच्या. दाजींचं टॉनिक शोभलंच तर या शेवटच्या खान्यात शोभतं.

एवढा अट्टहास झाडं कशासाठी करतात?

चार्ल्स डार्विनने हे मोजून पाहिलं. मॉर्निंग ग्लोरीच्या जांभळ्या वेलाच्या दहा पिढ्या त्याने दोन तऱ्हांनी वाढवल्या, एक परपरागणाने आणि एक जाळीखाली स्वपरागणाने, आणि उंची नोंदवत गेला. परपरागणाच्या वेलांची उंची १०० धरली तर स्वपरागणाच्या वेलांची सरासरी ७७ भरली. १८७६ साली त्याने हे सगळे आकडे छापले. घराण्यातले लपलेले दोष जवळच्या नात्यात एकत्र येतात आणि डोकं वर काढतात, हे त्यामागचं कारण. आनुवंशिकतेचे नियम तेव्हा त्याला माहीत नव्हते, पण फूटपट्टीवर परिणाम दिसला.

मग टोमॅटो, वाटाणा, घेवडा, गहू, भुईमूग? हे खुशाल स्वपरागण करतात आणि सुखात आहेत. दोष छाटले जाऊन गेलेल्या पिढ्यांना ते परवडतं, आणि वाहकाची वाट बघावी लागत नाही हा फायदा. केना तर दोन्ही दगडांवर पाय ठेवतो. पावसाळ्यात शेतात भाजीसाठी केना उपटाल तेव्हा मुळाशी नीट बघा. वर निळी फुलं, कीटकांसाठी. खाली मातीत पांढुरक्या फुटव्यांवर कधीच न उघडणारी मिटली फुलं, आतल्या आत स्वपरागण करून बी धरणारी. वरचं साधलं तर उत्तम, नाहीतर खालचं हमखास. शेतकरी केना वरवर कापतो आणि तो पुन्हा का उगवतो याचं कोडं पडतं, त्याचं एक उत्तर त्या मिटल्या फुलांत आहे.

बी धरायचं असेल तर

इथे सगळं उलटं करावं लागतं. आता परपरागण थांबवायचं. भोपळावर्गीय वेलांचं घरचं बी ठेवणार असाल तर मादी फुलाला उमलायच्या आदल्या दिवशी पिशवी बांधा, नर फुलालाही बांधा, हाताने परागण करा आणि पुन्हा बांधून खुणेचा दोरा लावा. कांद्याचा अख्खा गोंडा जाळीत घ्यावा लागतो आणि आत माश्या सोडाव्या लागतात. घरगुती पातळीवर त्यापेक्षा आजूबाजूला दुसऱ्या जातीचा कांदा फुलावर नाही ना, हे बघणं सोपं.

मुळ्याचं बी एकाच रोपावरून मिळणार नाही हे वर आलंच. एकाच जातीची दहा-बारा चांगली रोपं एकत्र फुलावर येऊ द्या.

आणि एक गैरसमज, जो आमच्या आळीत दर पावसाळ्यात भांडणापर्यंत जातो. "शेजारणीने कडू दुधी लावला म्हणून आमचा यंदाचा दुधी कडू निघाला." असं होत नाही. फळाचा गर हा आईचा भाग, तो बाहेरच्या परागाने बदलत नाही. परागाचा परिणाम बीमध्ये उतरतो. म्हणजे यंदा शेजारचा पराग आला असेल तर पुढच्या वर्षी ते बी लावल्यावर कडू फळ येऊ शकतं. यंदाचा दुधी कडू असेल तर दोष तुमच्या बियाण्यात आला तो मागच्या हंगामात. असा कडू दुधी भाजीत किंवा रसात अजिबात वापरू नका, त्यातलं द्रव्य विषारी असतं. वेल उपटा आणि बी नव्याने घ्या.

दाजींच्या बागेत आता दर जुलैत लाल, निळे, पिवळे दोरे लोंबतात. सगळ्या फुलांना ब्रश लावणं परवडत नाही, म्हणून ते बांधाकडच्या चार ओळीच धरतात, मोठ्या फळांच्या पेटीपुरत्या. बाकीच्या ओळी भुंगेऱ्यांकडे सोपवल्या आहेत. फुलोऱ्यात फवारणी बंद केल्यापासून तेही बरेच परतले आहेत. मागच्या वेळी गेलो तेव्हा दाजी सकाळी सातला एका फुलात भिंग खुपसून उभे होते. मी हाक मारली तर हाताने गप्प बस म्हणून खूण केली. आत भुंगेरा होता.